मुलाची पहिली हरणाची रायफल: माप, काडतूस आणि खर्चाचा हिशेब

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबर उजाडला की आणि पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार आला की पहाटे चारला गावोगावच्या घरांत दिवे लागतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हंगाम. शाळेतले मित्र जातात, मग आपलंही मूल विचारतं. आईवडिलांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नसते. दुकानात गेल्यावर विक्रेता जी समोर ठेवील ती घेतली जाते आणि तिथेच चूक होते. मोठ्या माणसाच्या मापाची, जोरात दणका देणारी रायफल बारा वर्षांच्या खांद्याला लागली, की मूल पहिल्या दहा गोळ्यांत चाप ओढताना डोळे मिटायला शिकतं. ही सवय सोडवायला महिने लागतात आणि तोवर जखमी होऊन पळालेल्या हरणाची शक्यता कायम राहते.

म्हणून सगळा निर्णय दोन गोष्टींवर घ्यायचा: रायफल मुलाच्या अंगाला बसते का आणि तिचा धक्का त्याला सोसवतो का. ब्रँड, रंग, लाकडी दस्ता की प्लास्टिकचा, हे सगळं त्यानंतर.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात कुठेही, हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या परवान्याने शिकार करणाऱ्या कुटुंबांसाठी आहे.

दुकानात जाण्याआधी: तुमचा व्हिसा आणि तुमचं राज्य

आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत आधी यायला हवा, पण तो कोणी सांगत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नव्हे. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. याला काही अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो संपला की सूटही संपते. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून नागरिक असलं, तरी रायफल घेणार तुम्ही आणि ती राहणार तुमच्या घरात, त्यामुळे तुमचा दर्जा पाहिला जातो. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. कागदपत्रांत जराही गुंता असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परवानाधारक दुकानदार १८ वर्षांखालच्या कुणालाही रायफल विकू शकत नाही. आईवडील विकत घेऊन मुलाला भेट देऊ शकतात. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ असा प्रश्न असतो. स्वतःच्या पैशाने भेट देणारा खरा खरेदीदारच धरला जातो. पण ज्याला बंदूक घेता येत नाही अशा काकाने पैसे द्यायचे आणि तुम्ही तुमच्या नावावर घ्यायची, हा गंभीर गुन्हा आहे. आणखी एक: राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्याने तो सेवन करणाऱ्याला बंदूक घेता येत नाही आणि फॉर्मवर तोही प्रश्न आहे. उत्तर खरंच द्यायचं.

मग राज्य. न्यू जर्सीत, एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत आपली एवढी वस्ती, पण तिथे हरणासाठी रायफल चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. मॅसॅच्युसेट्समध्येही तेच. ओहायोत रायफल चालते, पण सरळ भिंतीच्या पुंगळीच्या (म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) काडतुसाचीच. बाटलीसारखी मान असलेलं .२४३ हे काडतूस तिथे हरणासाठी बेकायदा. इलिनॉयमध्ये २०२३ पासून एका वेळी एकच काडतूस घेणारी, सरळ पुंगळीची रायफल चालू लागली आहे. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं असलेली गोळी चालत नाही, तांब्याची लागते. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका उघडून हरणाच्या पानावर ‘कायदेशीर शस्त्रं’ हा भाग वाचा आणि मगच काडतूस ठरवा. रायफल घेऊन आल्यावर पुस्तिका वाचणारे बरेच असतात.

वयाचे नियमही वेगवेगळे. पेनसिल्व्हेनियात १२ वर्षांखालची मुलं मार्गदर्शकाबरोबरच्या खास परवान्यावर जातात. मिशिगनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांसाठी तशीच सोय आहे. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षा शिक्षण लागतं, विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ पासून जन्मलेल्यांना. हा अभ्यासक्रम मुलाबरोबर तुम्हीही करा. घरात शिकारी नसेल तर रायफलीच्या आधी पैसे आणि वेळ इथे घाला.

माप: दुकानात टेप घेऊन जा

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हे रायफलीचं मुख्य माप. मोठ्यांच्या रायफलीत ते साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बहुधा साडेअकरा ते साडेबारा लागतं.

घरी असं मोजा. मुलाला शिकारीला घालायचा तोच जाड कोट घालायला सांगा. कोपर काटकोनात वाकवून मूठ वर धरायला सांगा. कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. तेच माप, फार तर पाव इंच कमी. कोटाशिवाय मोजलं तर नोव्हेंबरमध्ये तीच रायफल अर्धा-पाऊण इंच लांब वाटते आणि खांद्यात न बसता दंडावर येते.

लांब दस्ता कसा ओळखायचा? मूल रायफल उचलताना पाठ मागे टाकतं, डोकं पुढे ताणतं आणि स्कोपमध्ये काळी कड दिसते. मागे झुकलेल्या खांद्यावर धक्का दुप्पट जाणवतो. दस्ता आखूड असेल तर उलट होतं: नाक अंगठ्यावर आदळतं आणि स्कोपची कड भुवईवर लागून चीर पडते. दोन्हींत थोडा आखूड बरा, कारण जाड पॅड किंवा पट्टी लावून लांबी वाढवता येते. लाकडी दस्ता कापून लहान करणं हे सुताराचं काम आहे आणि पोकळ प्लास्टिकचा दस्ता कापणं तर नकोच.

आता वजन. इथे खरी फसगत आहे. मुलांच्या रायफली हलक्या असतात आणि पालकांना ते बरं वाटतं. पण एकाच काडतुसाचा धक्का हलक्या रायफलीत वाढतो. साडेसात पाउंडांऐवजी सहा पाउंड वजन असेल तर धक्क्याची ऊर्जा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त. म्हणजे आखूड हवी, पण पिसासारखी नको. स्कोपसकट सात ते साडेसात पाउंड हा बारा वर्षांच्या मुलासाठी चांगला मध्य. प्लास्टिकचे दस्ते आतून पोकळ असतात. पॅड काढून आत पाउंडभर शिशाचे छरे पिशवीत घट्ट बसवले की दणका चटकन उतरतो आणि मूल मोठं झालं की ते काढता येतात. चांगला मऊ रबरी पॅड ३०–४० डॉलरांत मिळतो, त्याइतकी कामाला येणारी दुसरी वस्तू नाही.

मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचं, वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) मात्र मुलाच्या रायफलीला लावू नका. धक्का कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की कानावर मफ असूनही मूल दचकतं. दचकणं हाच तर आपला शत्रू आहे.

डोळा तपासून घ्या. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करायला सांगा, लांबची एखादी वस्तू त्यातून बघत हात हळूहळू चेहऱ्यापर्यंत आणायचे. त्रिकोण ज्या डोळ्यासमोर येतो तो डोळा बलवान. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा बलवान निघाला तर शक्यतो डाव्या खांद्यावरून शिकवा, पहिलीच रायफल आहे तोवर हे सोपं जातं. सॅव्हेज आणि रुगर दोघांकडेही डावखुरी मॉडेल्स असतात.

काडतूस

मापाखालोखाल सगळ्यात मोठा निर्णय हाच. स्कोपसकट साडेसात पाउंडांच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा साधारण अशी पडते: .३५० लेजंड साडेआठ फूट-पाउंड, .२४३ विंचेस्टर दहा, ६.५ क्रीडमूर चौदा, ७ मिमी-०८ रेमिंग्टन पंधरा, .३०८ विंचेस्टर सतरा, .३०-०६ वीस. लहान अंगाच्या, नवशिक्या मुलाला दहाच्या आसपास ठेवा. तेरा-चौदा वर्षांचं, .२२ वर (छोट्या काडतुसाच्या, जवळजवळ धक्का नसलेल्या रायफलीवर) नीट तयार झालेलं मूल पंधरा पेलतं. सतराच्या पुढे पहिल्या रायफलीत जाण्याचं कारणच नाही.

.२४३ हे १९५५ पासूनचं काडतूस आणि मुलांच्या पहिल्या हरणाचं जुनं, खात्रीचं उत्तर. दुकानादुकानात मिळतं, २०० यार्डांपर्यंत हरणासाठी पुरेसं जोरकस आहे. त्याची एकच अट: गोळी योग्य निवडा. .२४३ मध्ये ५५ ते ७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्या-घुशींसाठी बनवलेल्या असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या वरच्यावर फुटतात आणि जनावर जखमी होऊन पळतं. हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची, खोक्यावर हरणासाठी असं लिहिलेली गोळी घ्या. तांब्याची घेत असाल तर ८० ते ८५ ग्रेन चालते, कारण ती तुकडे न होता आरपार जाते. ‘.२४३ हरणाला पुरत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या गोळीची असते, काडतुसाची नव्हे.

७ मिमी-०८ हा आमच्या मते दूरचा विचार करणाऱ्यांचा पर्याय. १२० ग्रेनची मंद गोळी घेऊन सुरुवात करायची आणि मूल वाढलं की १४० ग्रेनवर जायचं. तीच रायफल पंचविसाव्या वर्षीही पुरते. ६.५ क्रीडमूरही तसंच आणि त्याच्या काडतुसांची उपलब्धता आता बहुतेक ठिकाणी ७ मिमी-०८ पेक्षा चांगली आहे. गावातल्या दोन दुकानांच्या फळीवर काय आहे ते बघून या दोघांत ठरवा.

घरात आधीच .३०८ किंवा .३०-०६ असेल तर नवी रायफल घेण्याआधी कमी धक्क्याची काडतुसं बघा. हॉर्नाडीच्या कस्टम लाइट मालिकेत .३०८ आणि .३०-०६ साठी १२५ ग्रेनची गोळी येते. दणका ठळक कमी होतो, दीडशे यार्डांपर्यंत हरणाला पुरतो. पण दस्त्याचं माप बसत नसेल तर हा उपाय अर्धाच.

ओहायोसारख्या सरळ पुंगळीच्या राज्यात .३५० लेजंड. २०१९ साली बाजारात आलं, मंद धक्का, स्वस्त काडतुसं, दीडशे यार्डांच्या आत विश्वासाचं. पूर्वेकडच्या जंगलांत बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आतच मारली जातात, त्यामुळे हे बंधन जाणवत नाही.

.२२३ काही राज्यांत हरणाला कायदेशीर आहे, काहींत नाही. कायदेशीर असली तरी गोळीची निवड आणि नेम दोन्हींत चुकीला जागा फार कमी. अनुभवी माणसाच्या हातात ठीक, पहिल्या वर्षीच्या मुलासाठी नको.

कोणती रायफल

बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे हाताने दांडा (बोल्ट) मागे-पुढे करून काडतूस भरायची रायफल. बोल्ट मागे ओढला की रायफल उघडी दिसते, मार्गदर्शकाला दहा फुटांवरून कळतं की ती रिकामी आहे. लिव्हर अ‍ॅक्शनच्या (चापाखालचा दांडा खाली-वर करून भरायच्या) .३०-३० ला पारंपरिक मान आहे, पण गोळी न झाडता घोडा (मागचा हॅमर, चाप नव्हे) अंगठ्याने हळूच खाली सोडावा लागतो. थंडीत बधिर झालेल्या लहान अंगठ्यातून तो निसटतो. एकनळी, मधून मोडणाऱ्या रायफली स्वस्त आणि सोप्या, पण त्याही घोड्याच्याच आणि बहुधा हलक्या.

नव्या रायफलींत ३५० ते ६०० डॉलरांच्या पट्ट्यात चार-पाच नावं फिरतात. सॅव्हेज अ‍ॅक्सिसची आखूड आवृत्ती सगळ्यात स्वस्तात पडते. दस्ता लवचीक आहे, बोल्ट थोडा खरखरतो, पण नेम चांगला. अ‍ॅक्यूट्रिगर (सॅव्हेजचा हलका-जड करता येणारा चाप) असलेली आवृत्ती मिळत असेल तर वरचे पन्नास-साठ डॉलर जरूर द्या. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा बोल्ट गुळगुळीत आणि सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) अंगठ्याखाली, ते मुलांना जमतं. मॉसबर्ग पॅट्रियटच्या सुपर बॅन्टम आवृत्तीत दस्त्याला काढती-घालती पट्टी असते, १२ पासून १३ इंचांपर्यंत माप बदलतं. झपाट्याने वाढणाऱ्या मुलासाठी आमची पहिली पसंती तीच. जरा वरच्या किमतीत वेदरबी व्हॅनगार्डची आखूड आवृत्ती येते. ती जड आहे, म्हणून धक्का सौम्य.

दुकानात हे करून बघा. विक्रेत्याकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या आणि चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) स्वतःच्या बोटाने चाचपा. मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, मग डोळे उघडायला सांगा. स्कोपचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर माप बसलं. बोल्ट खांद्यावरून न उतरवता मागे-पुढे करता येतो का? सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडता येतो का? तो उघडला पाहिजे, म्हणजे सेफ्टी न काढता काडतूस बाहेर काढता येतं. चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, तीन ते चार पाउंड असावं. त्याहून हलका चाप हातमोजातल्या बोटाखाली नकळत सुटतो, पाच-सहा पाउंडांचा असेल तर ओढताना नळी हलते.

खरेदी उन्हाळ्यात करा. सप्टेंबर उजाडला की आखूड मॉडेल्स फळीवरून गायब होतात आणि उरलेलं ते घ्यावं लागतं.

जुनी रायफल

अडीचशे-तीनशे डॉलरांत चांगली जुनी रायफल मिळू शकते. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा: खाचा धारदार, चकचकीत हव्यात, काळे खड्डे नकोत. नळीचं टोक ठोकलेलं नसावं. दस्ता मुठीजवळ हातांनी पिळून बघा, बारीक चीर तिथेच असते. स्क्रूंची डोकी चेपलेली असतील तर कोणीतरी घरी खटाटोप केलेला आहे. नळी दस्त्यात जिथे बसते तिथे आतून गंज लपतो, परवानगी घेऊन दस्ता सोडवून बघितलेला बरा.

मग सेफ्टीची परीक्षा. रिकामी रायफल बोल्ट बंद करून सज्ज करा. सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा. आता बोट चापावर न ठेवता सेफ्टी काढा. खटका पडला तर रायफल तिथेच ठेवा. पुन्हा सज्ज करून दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने चार-पाच ठोसे द्या, तेव्हाही खटका पडता कामा नये. रेमिंग्टन मॉडेल ७०० समोर आलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा: २०१४ साली कंपनीने एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या आणि त्याआधीच्या चापांवरही मोठा खटला चालला. चाप बदललेला असल्याचा पुरावा नसेल तर बंदूकदुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

स्कोप आणि जोडणी

२ ते ७ पट किंवा ३ ते ९ पट, याहून मोठा नको. दाट जंगलात ५० यार्डांवरचं हरीण बारा पटीच्या स्कोपमध्ये नुसता तपकिरी पडदा दिसतं आणि मुलाला ते सापडतच नाही. लिओपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम २-७×३३ किंवा व्होर्टेक्स क्रॉसफायर २ चा २-७×३२, साधी जाड-बारीक रेघांची क्रॉसहेअर. दीडशे ते अडीचशे डॉलर. डोळ्यापासूनचं अंतर किमान साडेतीन इंच मिळालं पाहिजे, कारण मुलं हटकून पुढे सरकतात.

रायफलीबरोबर बसवून मिळणाऱ्या स्कोपचे बेसचे (स्कोप रायफलीला जोडणाऱ्या पट्टीचे) स्क्रू बरेचदा सैल असतात. गोळ्या इकडे-तिकडे लागतात आणि दोष मुलावर येतो. घरी आणल्यावर स्कोप सोडवा, बेसच्या स्क्रूंवरचं तेल पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळा. रिंगांचे स्क्रू बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड, तिथे लॉकटाइट नको. टॉर्कचा पाना नसेल तर दुकानदार दहा-वीस डॉलरांत बसवून देतो.

डोळ्याचं अंतर ठरवताना स्कोप सर्वांत मोठ्या पटीवर ठेवा, कारण तिथे अंतर सगळ्यात कमी असतं. मूल कोट घालून नेहमीच्या बैठकीत, स्कोप पुढेमागे सरकवत पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत. मग आडवी रेघ सरळ करून आवळा.

झिरो करण्याचं, म्हणजे स्कोपची रेघ आणि गोळी एकाच जागी आणण्याचं, काम मोठ्या माणसाने करायचं, मुलाच्या खांद्याला ते धक्के नकोत. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेका, बोल्ट काढा, नळीतून २५ यार्डांवरचं लक्ष्य मध्यावर आणा आणि रायफल न हलवता स्कोपची रेघ तिथे फिरवून आणा. मग तीन गोळ्या. पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं, वेळेचं नव्हे) एक क्लिक १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकवतो, २५ वर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे एक-षोडशांश इंच. गोळ्या दोन इंच खाली लागल्या तर ३२ क्लिक वर. स्कोप नळीच्या दीड इंच वर असल्यामुळे २५ यार्डांवर अर्धा इंच खाली लागणं बरोबर आहे. आता १०० यार्ड. तिथे तीन इंच डावीकडे असेल तर १२ क्लिक उजवीकडे. बारीक नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या सरकतात. तीन झाडल्या की बोल्ट उघडा ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. हरणासाठी १०० यार्डांवर दोन इंचांत तीन गोळ्या बसल्या की पुष्कळ झालं.

ज्या काडतुसाने झिरो केलं तेच शिकारीला. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो, म्हणून एकाच छापाचे तीन-चार खोके एकदम घ्या.

एकूण खर्च असा बसतो: रायफल ४५०, स्कोप आणि रिंगा २२०, वीस काडतुसांचा खोका ३०–४५ या दराने चार खोके, कानाचे मफ आणि प्लग ४०, चष्मा १५, पॅड ३५. नऊशे डॉलरांच्या आसपास. रायफलीवर दोनशे जास्त घालून काडतुसांत कंजुषी करण्यापेक्षा उलट केलेलं नेहमीच चांगलं.

सराव

नव्वद टक्के सराव .२२ वर. घरी नसेल तर क्लबमधून मिळते किंवा दोन-अडीचशे डॉलरांत बोल्टची साधी .२२ येते, तिची गोळी दहा सेंटांच्या आसपास. मोठ्या रायफलीच्या एका बैठकीत मुलाने दहापेक्षा जास्त झाडू नयेत. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. पहिल्या वेळी बेंचवर बसवून, दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये छोटी वाळूची पिशवी किंवा जाड टॉवेलची घडी. वाकून बसलं तर धक्का हाडावर येतो, म्हणून बेंच उंच ठेवा आणि पाठ ताठ.

दचकतंय का हे ओळखायला, मुलाला न सांगता मधूनच चेंबरमध्ये खोटं काडतूस घाला. चाप ओढल्यावर आवाज होत नाही आणि नळीचं टोक खाली झेपावताना स्पष्ट दिसतं. तसं झालं तर त्या दिवशी मोठी रायफल बंद, पुन्हा .२२.

मग बेंच सोडायचं. आठ इंचांची कागदी ताटली घ्या, हरणाचं हृदय आणि फुप्फुसांचा भाग जवळजवळ तेवढाच असतो. मूल बसून, काठीच्या तिकाटण्यावर रायफल टेकून ५० यार्डांवरून पाच गोळ्या झाडेल. पाचही ताटलीत, तर ७५. मग १००. ज्या अंतरावर एक जरी बाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर ही त्या हंगामातली त्याची मर्यादा. जंगलात हरीण त्यापलीकडे उभं असेल तर रायफल उचलायची नाही, हे आधीच ठरलेलं असलं की तिथे वाद होत नाही. नेम आडव्या उभ्या हरणाच्या पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. डोकं, मान, समोरून, मागून, सगळं वर्ज्य.

घरी रायफल रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. नव्या रायफलीबरोबर बहुतेक कंपन्या केबलचं कुलूप देतात, ते बोल्टच्या जागेतून ओवायचं. मिशिगनमध्ये १३ फेब्रुवारी २०२४ पासून घरात अल्पवयीन असतील तर हे कायद्यानेच बंधनकारक आहे, इतर अनेक राज्यांतही आहे. स्लीपओव्हरला येणाऱ्या मित्रांचाही विचार यातच येतो.

दर उन्हाळ्यात कोट घालून पुन्हा माप घ्या. अर्धा इंच वाढलं की पट्टी घाला. पट्टी घातली की डोळा मागे जातो, तेव्हा स्कोपही तितकाच मागे सरकवून पुन्हा झिरो करावा लागतो. बाराच्या मापाची रायफल साडेतेरापर्यंत नेता येत नसेल तर मोठ्या मापाचा दस्ता वेगळा विकत मिळतो का, हे रायफल घेतानाच विचारून ठेवा. सॅव्हेज आणि रुगरसाठी तसे दस्ते सहज मिळतात आणि काढलेला आखूड दस्ता धाकट्या भावंडाच्या कामाला येतो.